बिब्ब्याचं कुंपण

आमच्या शेणवे गावाच्या बाजूला लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी माझ्या आत्याला निरोप जायचा. नवरीला पहिली हळद लावावी तर तिनेच. आवाज फाटका, पण गाणी तोंडपाठ, आणि हात असा हलका की रडकी नवरीही हसायची.

नव्वद सालच्या सुमाराला तिच्या कोपरावर लाल चट्टा उठला, वर पांढरे पापुद्रे. खाजवलं की कोंडा गळायचा. बघणाऱ्यांनी लगेच ठरवून टाकलं, गजकर्ण! आणि गजकर्ण लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टरला दाखवायचं कुणालाच सुचलं नाही. सल्ले मात्र उदंड.

माझ्या वडिलांचा बहिणीवर फार जीव. त्यांनी डोळखांबकडून बिब्बा घालणारा म्हातारा आणला. "वणवा आडवाया आपन पट्टा जाळतो ना? तसाच. कुंपन घालू, म्हंजे पुढं सरकायचा नाय," तो म्हणाला. चट्ट्याभोवतीच्या चांगल्या कातडीवर त्याने तापलेल्या सुईने बिब्ब्याच्या तेलाच्या फुल्या काढल्या. आत्या दात आवळून बसली. फोड आले, सुकले, आम्ही निश्चिंत झालो. मग एका सकाळी पाहतो तर फुलीच्या जागी फुलीच्याच आकाराचे लाल चट्टे, वर तेच पापुद्रे. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

हळूहळू निरोप यायचे बंद झाले. तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. आमची माणसं फार सभ्य, बोलायचं ते पाठीमागेच बोलतात.

पुढे माझं लग्न मुरबाडला ठरलं. हळदीला पाटावर बसले आणि वाटी आत्याकडे सरकवली. तिने हात पदराखाली घेतले.

"नको गो पोरी. तुला लागंल."

"लागू दे."

"येड्यावानी बोलू नको. नव्या घरी जायचाय तुला."

ती दारात उभी राहून गायली. हळद काकूने लावली. काकूचं काही चुकलं नाही, पण त्या हळदीतलं मला काही आठवत नाही; आठवतात ते पदराखालचे हात.

आत्या गेली, आणि दोन-तीन वर्षांनी माझ्याच गुडघ्यावर चट्टा उठला. कल्याणच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी सांगितलं, सोरायसिस, हे कुणाचं कुणाला लागत नाही. मी आत्याच्या फुल्यांचं सांगितलं तेव्हा त्या हळहळल्या. म्हणाल्या, अंगात टी पेशी असतात, पहारेकरीच म्हणा. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात, शत्रूची खूण ओळखणारे. या आजारात ते आपल्याच कातडीला शत्रू समजतात, पेशी बोंब ठोकतात, आणि कातडी भराभर वाढत सुटते. जिथे जखम, तिथे हे पहारेकरी धावतात. चांगल्या कातडीला बिब्ब्याने जखम केली, म्हणून तिथेही उठलं. हा होण्याचा कल बऱ्याचदा घराण्यातून येतो, हेही त्यांनीच सांगितलं.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते आमच्या घरात असं दोनदा खरं झालं, एकदा पहारेकऱ्यांनी, एकदा बिब्ब्याने. वडिलांना मी हे सांगितलं नाही. ते आता थकलेत, आणि तो म्हातारा त्यांनीच आणला होता.

मला मात्र राहून राहून आत्याचाच राग येतो, आणि मग रडू येतं. तिने मला हात लावला नाही, तरी ते आलंच. लावला असता, तर तिच्या हातची हळद तेवढी मिळाली असती.