पिवळ्या वायरीआधीचा चहा

पोलादपुरात महाबळेश्वरचा फाटा सोडून जुन्या रस्त्यानं थोडं खाली उतरलं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. तिथं गाडी थांबली की खुर्चीतून राजेश विचारायचा, "काय झालं रे?" आणि घरातून उज्वला पदराला हात पुसत बाहेर यायची. विचारणारा एक, हात लावणारी दुसरी.

राजेश गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. हॉर्न, दिवे, सेल्फ, नव्या गाड्यांतलं काय काय. गेल्या शिमग्याच्या तोंडावर त्याला लकवा मारला. महाडचे डॉक्टर म्हणाले होते, "पाय चालेल. उजव्या हाताची खात्री देत नाही. डोक्याचं हळूहळू कळेल." उज्वलानं पहिलं वाक्य पदरात बांधलं, दुसरं गिळलं आणि तिसरं आपण ऐकलंच नाही असं ठरवून टाकलं.

पाय चालला. हात नाही. स्क्रू धरला की गळून पडायचा आणि राजेश पडलेल्या स्क्रूकडं बघत बसायचा. एका जीपवाल्याचा हॉर्न बिघडला होता, तेव्हा उज्वलाच म्हणाली, "तुम्ही सांगा, मी करते."

"तू?"

"मग? लग्न झाल्यापासून पाने कोण देतंय तुमच्या हातात? शेजारीण?"

खरं तर ती वर डोंगरातल्या कुडपण गावाकडची, शेरडं-म्हशींत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा हॉर्न वाजला की दचकायची. पण अंधारात हात घालून दहाचा पाना कुठला नि बाराचा कुठला, हे तिच्या बोटांना कधी समजलं ते तिलाही सांगता आलं नसतं. हॉर्न वाजला. जीपवाला म्हणाला, "हात वहिनीचे, डोकं राजेशचं!" आणि पोलादपुरात तेच रूढ झालं.

उज्वलाला हे वाक्य फार हवं होतं. राजेश खुर्चीतून सांगतोय, त्याचं बरोबर येतंय, म्हणजे डॉक्टरचं ते तिसरं वाक्य खोटं. येणारी प्रत्येक गाडी तिला त्याची परीक्षा वाटायची आणि प्रत्येक गाडी चालू होऊन गेली की तो पास झाला असं ती मनाशी म्हणायची. कधी तो फ्यूजला रिले म्हणायचा. ती न बोलता फ्यूजच उचलायची. एकदा त्यानं विचारलं, "तुझा सहदेव कधी येतोय गो?" तिचा भाऊ सहदेव जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते. "येईल," ती म्हणाली. दुपारची झोप मोडली की होतं असं माणसाला.

यंदाचा शिमगा उरकला आणि मुंबईवाले परतायला लागले. एका सकाळी कुडपणचा जितेश शेडपुढं गाडी लावून उतरला. मागच्या दारातून त्याची आई, चंद्राबाई, पिशव्या सावरत उतरली. तिला पोलादपुरात बाजार करून जीपनं परत वर जायचं होतं.

"काय झालं रे?" राजेशनं विचारलं.

"काका, एअरबॅगचा दिवा लागलाय. कुडपणवरून उतरताना पेटला तो विझायलाच तयार नाय. व्हिडिओ बघून गाडी चार वेळा बंद-चालू केली. काय फरक नाय. पूनम आणि बाळ महाडला हायत, तिच्या माहेरी. तिनं हा लाल दिवा बघितला तर पोराला घेऊन बसायची नाय ती."

"मग वीर स्टेशनला सोड तिला. येईल रेल्वेनं," चंद्राबाई म्हणाली.

"आये, तू गप ना जरा."

"मी काय बोलले? बघ गो उज्वला, तो दिवा. माणूस बसलाय आणि पुढ्यात गोळा. मला वाटलं पोटुशी बाई काढलीय."

उज्वला हसली. राजेश मात्र गाडीच्या पुढच्या सीटकडं बघत होता. "जितेश, गाडी भरताना सीटखाली काय कोंबलं?"

"काय नाय, काका."

चंद्राबाईनं मान वळवून रस्त्यावरच्या एसटीकडं बघायला सुरुवात केली.

"आये?"

"नाचणी हाय थोडी. आणि कडवे वाल."

"सीटखाली?"

"मग काय डोक्यावर घेऊन बसू? मागं जागा ठेवलीस कुठं तू? तुझ्या त्या बॅगा! बसंना गाठोडं, म्हणून पायानं सारलं जरा."

राजेश हसला. लकवा मारल्यापासून त्याचं हसू एका बाजूनं अर्धंच यायचं, आज ते जवळजवळ पूर्ण आलं. "गो, सीटखाली पिवळा सॉकेट असंल बघ. म्हातारीच्या लाथेनं ढिला झालाय."

"म्हातारी कोण?" चंद्राबाई म्हणाली.

पण उज्वलाला ते ऐकू गेलं नाही. गाडीला हात न लावता, खुर्चीतून न उठता त्यानं दुखणं ओळखलं होतं. डॉक्टर इथं असायला हवे होते, तिला वाटलं. गाठोडी ओढून तिनं चंद्राबाईच्या हातात दिली, जितेशचा मोबाइल घेऊन सीटखाली उजेड पाडला. पिवळा सॉकेट निम्मा निघून तिरका लटकत होता.

"हाय हो! निम्मा निघालाय."

"मग काढ पुरता आणि परत दाब."

उज्वलाचा हात सॉकेटपाशी गेला आणि थांबला. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

राजेशचा एक नियम होता. पिवळी वायर म्हणजे एअरबॅगची, आणि ती चेष्टेवारी न्यायची नाही. पनवेलला कामाला असताना त्यानं एकाच्या हातात बॅग फुटलेली बघितली होती. त्या आवाजानं आपले कान दिवसभर वाजत होते, असं तो सांगायचा. तेव्हापासून पिवळ्या वायरीला हात लावायच्या आधी चावी बाहेर, बॅटरीची मायनसची वायर सुटी, आणि मग चहा. वायरीत राहिलेला करंट उतरायला वेळ लागतो, तो वेळ चहानं मोजायचा. कप पालथा पडला की मगच काम. एकदा एक साहेब घाईत होते. "चहा नको, उशीर होतोय," म्हणाले. राजेशनं बॉनेट बंद केलं. "चहा नको असेल तर गाडी न्या, साहेब." आणि खरंच परत पाठवलं.

"गो, काढलास का?" राजेशनं विचारलं.

"काढू?"

"काढ म्हणतो ना."

"पण आधी?"

"आधी काय?"

"आधी काय करायचं ते सांगा ना. मला काय कळतंय त्यातलं?"

राजेशच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो शोधत होता. सीटखालून मान वाकडी करून उज्वला त्याच्याकडं बघत होती. कोनाड्यात ठेवलेली वस्तू जागेवर नसली की माणूस उगाच शेजारी चाचपतो, तसे त्याचे डोळे फिरत होते. मग त्याला काहीतरी सापडलं.

"हां. चावी लाव आधी. चावी चालू ठेव, म्हणजे दिवा गेलेला लगेच दिसंल."

उज्वलानं हात मागं घेतला. बाहेर येऊन उभी राहिली.

"चहा टाकते," ती म्हणाली. हवं होतं त्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली. "सगळ्यांना. चहा पिऊ, मग पिवळी वायर. काय हो?"

"चहा कुठं पळून जातोय?" राजेश वैतागला. "त्याला उशीर होतोय. आधी काम कर."

ज्या तोंडानं साहेबांना परत पाठवलं होतं, त्याच तोंडानं.

"टाक गो चहा," चंद्राबाई म्हणाली. "घाट उतरून घसा सुकला माझा." म्हणून चहा झाला.

आधण ठेवून उज्वला परत आली. "जितेश, बॉनेट उघड. पाणी बघते." राजेशला बॉनेटच्या आड काय चाललंय ते दिसत नव्हतं. तिनं दहाच्या पान्यानं मायनसची वायर सोडली, फडक्यात गुंडाळून बाजूला दाबली. जितेश जवळ आला. "काकी, पाणी बघायला पाना?"

"चावी काढ आणि खिशात ठेव."

"पण काका तर म्हणाले..."

"जितेश."

त्यानं चावी काढून खिशात टाकली.

राजेशनं डाव्या हातानं बशीतून चहा प्यायला. चंद्राबाई पालखी कुणाच्या अंगणात किती नाचली ते सांगत होती. उज्वलाच्या कपावर साय धरली. ती नवऱ्याच्या ओठांकडं बघत होती. अजून चहा संपला नव्हता. अजून तो म्हणू शकत होता, 'बॅटरी सोडलीस का गो?' फुंकर मारताना म्हणेल, शेवटचा घोट घेताना म्हणेल. त्यानं बशी खाली ठेवली.

"आता तरी करणार काय?"

तिनं केलं. सॉकेट कट्कन बसला. बॅटरी जोडली, बॉनेट तसंच उघडं ठेवून जितेशला चावी लावायला सांगितली. सगळे दिवे पेटले आणि एकेक करून विझले. तो पोटुशा बाईचाही विझला.

"गेला!" जितेश ओरडला.

राजेशनं डाव्या हाताची थाप खुर्चीच्या दांडीवर मारली. "सांगितलं होतं ना? इथं बसून सांगितलं!"

"मानलं काका तुम्हाला. आमच्या विनोदच्या गाडीला पण सेम प्रॉब्लेम हाय. तो इथंच हाय अजून, उद्याच पाठवतो."

"पाठव, पाठव. उद्या ही महाडला जाणार माझ्या गोळ्या आणायला. नसली तरी पाठव. मी सांगीन, तो करंल. त्यात काय हाय?"

उज्वला फडक्यानं हात पुसत होती, ते थांबले. तिला दिसलं: विनोद सीटखाली वाकलाय, चावी चालू आहे, आणि खुर्चीतून राजेश सांगतोय, काढ.

"विनोदला नको पाठवू," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. राजेशच्या तोंडावरचं हसू अजून मावळलं नव्हतं. इतक्या दिवसांत ते दुसऱ्या गालापर्यंत पहिल्यांदाच पोचलं होतं. खरं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं दुसरं उचललं.

"मला नाय होत आता. वाकून वाकून हात दुखतात माझे. आजपासून हे काम बंद."

"काय बोलतेस?" राजेश म्हणाला.

"बंद म्हणजे बंद. विनोदच नाय, कुणालाच पाठवू नको रे."

"बघा!" चंद्राबाईनं गाठोडी मागच्या सीटवर आपल्या जागी ठेवली. "इतकं हुशार माणूस खुर्चीत बसलंय, आणि हिचे हात दुखतात. आम्ही काय डोंगरावर बसून खातो?"

जितेश काहीतरी बोलायला आला. तेवढ्यात उज्वलानं बॉनेट खाली आपटलं. "जा तू. पूनम वाट बघत असंल. हळू चालव."

चंद्राबाईनं ती गोष्ट कुडपणला नेली, तिथून ती वाड्या-वाड्यांवर गेली. डोकं शाबूत हाय माणसाचं, बायकोच कंटाळली. उज्वला हायवेवरच्या एका खानावळीत भाकऱ्या करायला जायला लागली, तेव्हा तर लोकांना विषयच मिळाला. "भाकऱ्या थापताना नाय दुखत हात, वहिनी?" असं जीपवालाही विचारून गेला. "तेव्हा नाय दुखत," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

लोकांचं ठीक होतं, ते एकदाच बोलायचे. राजेशचं तसं नव्हतं. तो रोज सकाळी शेडमधल्या खुर्चीत जाऊन बसायचा आणि विचारायचा, "आज कुणाची गाडी येणार होती ना?"

"कुणाची नाय."

"का?"

"माझे हात दुखतात. काम बंद केलंय आपण."

"कधी? मला न विचारता?"

मग तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. जेवताना बोलायचा नाही. संध्याकाळपर्यंत राग विसरायचा आणि रागाचं कारणही. दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा तेच सांगायचं, त्यानं पुन्हा पहिल्यांदा ऐकायचं. तिला ते पाठ झालं होतं. त्याला रोज नव्यानं लागायचं.

एक दिवस मात्र तो चिडला नाही. "माझे हात दुखतात," असं ती म्हणाली आणि खानावळीत जायला निघाली, तर मागून हाक आली.

"खूप दुखतात?"

"हं."

"बस इथं. दाखव."

ती त्याच्यासमोर पायरीवर बसली. त्यानं खोबरेलाची बाटली गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं झाकण फिरवलं. तेल जरा जास्तच ओतलं गेलं. तिच्या मनगटावरून ओघळून पायरीवर पडलं.

"कुठं दुखतं?"

उज्वलानं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. कुठंच दुखत नव्हतं. तिनं मनगटाजवळ एक जागा दाखवली. "इथं."

तो चोळायला लागला. डाव्या हाताचा अंगठा सावकाश, गोल फिरत होता.

"एवढं दुखेपर्यंत केलंस कशाला गो?" तो म्हणाला. "मला सांगायचं नाय? बंद करून टाकू आपण हे काम."

"हं," ती म्हणाली. "करू."