कार्बोरेटर सोडा

माझ्या वहिनींना पेट्रोलचा राग आहे. आणि हे मी अशा बाईबद्दल सांगतोय, जी गेली कित्येक वर्षं फवारणीच्या पंपांची छोटी इंजिनं दुरुस्त करते आहे.

"पेट्रोल टाकीत चांगलं, थाळीत नाय," असं त्या म्हणतात. सुटे भाग थाळीत पेट्रोल ओतून धुवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. मळ झटकन निघतो, भाग झटकन वाळतो, कुणाची ना नसते. वहिनींचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. त्यांनीही एकदा क्वार्टरच्या मोरीत मोपेडचे भाग असेच धुवायला घेतले आणि चार हातांवर स्टोव्ह पेटलेला होता. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते, ती दिसत नाही. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वहिनी तेव्हा चौथीत होत्या. पुढे त्याच वडिलांनी त्यांना इंजिन खोलायला शिकवलं, पण अंगणात बसवून.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. दादाचं घर लासलगावच्या अलीकडे, आमच्या मूळ गावात. सुट्टीला गेलो की मी ओट्यावर बसून वहिनींचं काम बघायचो आणि तोंड चालवायचो. कारण त्यांची पद्धत मला भलतीच लाडाची वाटायची. आधी रबराचे, प्लास्टिकचे भाग काढून बाजूला. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि दात घासायचा जुना ब्रश. एवढ्यानं निघालं नाही तरच झाकणाच्या स्टीलच्या डब्यात डिझेल, तेही हातमोजे घालून, ओट्यावर, चुलीपासून लांब. पूर्वी रॉकेल वापरायच्या, रेशनवरचं रॉकेल बंद झालं तसं डिझेल आलं. बारीक भोकांसाठी कार्बोरेटर साफ करायच्या फवाऱ्याचा डबा, पण तो उडवायचा तर डोळ्यांना चष्मा हवाच. शेवटी सायकलच्या पंपानं हवा. भोकात तार घालणाऱ्याची त्या हजेरी घ्यायच्या, कारण पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग इंजिन पेट्रोल पितं. वापरलेलं डिझेल गटारात नाही जायचं. ते पत्र्याच्या डब्यात निवळत ठेवायच्या आणि डब्यावर लाल रंगाची फुली. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं दिसलं, तर दादाचीसुद्धा खैर नसायची.

"वहिनी, इंजिनाचं बारसं आहे का? कोमट पाण्यानं न्हाऊ घालताय ते," मी म्हणायचो.

"तुमच्या दादालाबी एवढं न्हाऊ घातलं नाय कधी," त्या मान वर न करता म्हणायच्या.

खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. मी दिवसभर फायली इकडच्या तिकडे करतो. त्यांच्या हातात मेलेलं यंत्र यायचं आणि संध्याकाळी ओरडत बाहेर पडायचं.

पण गावातले पुरुष त्यांच्याकडे यंत्र आणत नव्हते. बाया मिक्सर आणायच्या, एखादी शिलाई मशीन आणायची. पंप मात्र लासलगावच्या गॅरेजात जायचे. अशात एका ऑक्टोबरात गावात तापाची साथ आली. दोन गल्ल्यांत घरटी एकजण आडवा. गटारांवर औषध मारायचा ग्रामपंचायतीचा पाठीवरचा पंप वर्षभर पेट्रोल तसंच ठेवून पडला होता. ते आटून कार्बोरेटरमध्ये डिंकासारखं चिकटलं होतं. लासलगावच्या मिस्त्रीनं "भंगारात घाला" म्हणून परत पाठवला. तेव्हा कुठं पंचायतीचे एक मेंबर तो वहिनींच्या ओट्यावर ठेवून गेले. "बघा जमतंय का. चारला येतो. नाय जमलं तर राहू द्या, बाईमाणसाचं काम नाय हे."

हा पंप सुरू झाला तर गावचे पंप त्यांच्याकडे येणार, नाही झाला तर आयुष्यभर मिक्सर. हे वहिनींना माहीत होतं, मलाही माहीत होतं. दादा कांद्याच्या लिलावाला गेला होता, घरी सुट्टीला आलेला मी तेवढा होतो. वहिनींनी कार्बोरेटर खोलला, रबरं आणि बारीक भोकांचे पितळी जेट काढून वाटीत ठेवले, चुलीवर पाणी ठेवलं. तेवढ्यात शेजारची बाई धावत आली. तिच्या मुलीचा ताप चढला होता, दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं. वहिनींनी हात पुसले आणि स्कूटी काढली.

फाटकातून बाहेर पडताना त्या मला ओरडून काहीतरी सांगत होत्या आणि नेमका त्याच वेळी कांद्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट दाणदाण करत गेला. मला ऐकू आलं ते एवढंच: "भाऊजी, पाणी गरम झालं की... कार्बोरेटर सोडा!"

मी तर खूश. वहिनींनी पहिल्यांदा माझ्यावर काम सोपवलं होतं. गरम पाणी, कार्बोरेटर, सोडा. मोरीवर धुण्याच्या सोड्याची पुडी होतीच. चांगल्या दोन मुठी कढत पाण्यात टाकल्या आणि कार्बोरेटर त्यात सोडला. बुडबुडे यायला लागले. मला वाटलं, बघा कसा मळ निघतोय! वर चमच्यानं हलवलंसुद्धा.

वहिनी आल्या तेव्हा तो काळा ठिक्कर पडला होता.

"सोडा कुणी सांगितला?"

"तुम्हीच की! जाताना ओरडलात, कार्बोरेटर सोडा!"

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, सोडा म्हंजे हात लावू नका! पाणी उतरवून ठेवा आन् कार्बोरेटर सोडा, मी आल्यावर बघते, आसं म्हणाले मी. अॅल्युमिनियम हाय ते. सोडा खातो त्याला."

मी इतका ओशाळलो की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. घड्याळ बघितलं, एक वाजला होता, आणि कामाला बसल्या. साध्या पाण्यानं दहा-बारा वेळा धुतला. थोडं व्हिनेगर पाण्यात पातळ करून मऊ ब्रशनं फिरवलं आणि लगेच पुन्हा धुतलं. एकेका भोकातून हवा मारून प्रत्येक वेळी उन्हाकडे धरून बघितलं. जिथं दोन भाग जुळतात ती कड जराशी खडबडीत झाली होती, तिथं जाड कागदाची नवी पॅकिंग कापून बसवली. जेवल्या नाहीत. मी चहा करून दिला, तो तसाच गार झाला. असं काम मी आमच्या ऑफिसात कुणाला करताना बघितलेलं नाही, आणि त्यात मीही आलो.

चारला मेंबर आले, बरोबर आणखी दोघं. पंप उचलून त्यांनी आत बोट दाखवलं. "हे काळं कसं पडलं? मी दिला तेव्हा नव्हतं."

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं.

मला बोलायचं होतं. पण मी गावाच्या दृष्टीनं नाशिकचा, शिकलेला, कॉलेजात नोकरीला. ती माणसं मला दोन्ही हातांनी नमस्कार करतात. मी खाली बघून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो.

"माझ्याकडनं सोड्यात पडलं," वहिनी म्हणाल्या. "चूक झाली."

"तरी म्हटलंच होतं," मेंबर म्हणाले आणि तिघंही हसले.

वहिनींनी दोरी ओढली. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा खोकला, तिसऱ्यांदा इंजिन असं खणखणीत सुरू झालं की हसणं बुडून गेलं. त्याच संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांत औषध मारलं गेलं. पंप हळूहळू त्यांच्याकडे यायलाही लागले. पण नाव मात्र पडलं ते पडलंच, 'सोडावाली'. "सोडावालीकडं टाक, करून दील," असं. एकदा पारावर मीसुद्धा त्या हसण्यात सामील झालो. त्याची मला आजही लाज वाटते.

यंदा बचत गटानं त्यांना वर्ग घ्यायला सांगितलं. विहाराच्या ओट्यावर पंधरा-वीस बाया, मधे चटईवर खोललेलं इंजिन. मी सहज गेलो आणि मागं बसलो. वहिनी सांगत होत्या, पेट्रोल का नको, तार का नको. मग म्हणाल्या, "आन् कामावर 'सोडा' म्हणू नका कुणाला. 'ठेवा' म्हणा. मी एकदा घोळ केला व्हता, माझ्या तोंडून शब्द वाकडा गेला, कार्बोरेटर जळता जळता वाचला. म्हणून मला सोडावाली म्हणतात." बाया खदाखदा हसल्या. वहिनीही हसल्या.

मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.

"शब्द सरळच होता," मी म्हणालो. "मी वाकडा ऐकला. सोडा मी टाकला. आणि मेंबर विचारत होते तेव्हा मी तिथंच उभा होतो, तोंड मिटून."

सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. वहिनींच्या हातातला ब्रश थांबला. मला वाटलं आता नेहमीसारखी थट्टा करतील, खाली बसवतील. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"लय वर्षं लावली, भाऊजी," त्या म्हणाल्या.