तंबाखूचा वास लागलेली वही

काल कपाट आवरताना स्पॅनिशची जुनी वही उघडली आणि पानांमधून तंबाखूचा भुगा सांडला. इतक्या वर्षांनीही तो नाकाला झोंबला.

त्या रात्री सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत आई, म्हणजे अम्मा, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. दुसऱ्या दिवशी माझी स्पॅनिशची तोंडी परीक्षा. मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत भूतकाळ आणि सर्वनामं घोकत होते: मी गेले, तो गेला, आम्ही गेलो. जरा अडखळले की तिचे हात थांबायचे आणि ती माझ्याकडे बघायची. मग मी पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्यांदा हात थांबले तेव्हा मी वही सुपात भिरकावली. "तुला काय कळतंय गं त्यातलं?"

तिनं वही उचलून झटकली. "भाषा न्हाय कळत. तू भ्यालीस की कळतंय. म्हण परत."

मी पास झाले. अम्मानं माझी परीक्षा घेतली, असंच सगळ्यांना सांगत आले. काल मात्र वही मिटली तरी चैन पडेना. परीक्षेच्या सकाळी तिलाही कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या होत्या; जितक्या विड्या तितकेच पैसे. तरी मी अडखळले की ती हातातली विडी अर्धी सोडत होती.