जिन्याखाली हजर

"तू काऊन बसली इथं? खाली जाऊन बस. पुकारा झाला की बोलावतो तुले."

न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात एकच बाक होता. आमच्या शाळेचे संस्थाध्यक्ष आले आणि त्यांनी मला त्यावरून उठवलं. मी उठले. देवळीच्या त्या शाळेत मी ग्रंथपाल होते. अध्यक्ष बसले असताना आमच्या वस्तीतल्या माणसानं शेजारी टेकायचं नाही, हा नियम कुठे छापलेला नव्हता. पाठ मात्र सगळ्यांना होता. दर जयंतीला ते समतेवर पाऊण तास बोलत. टाळ्या आम्हीच वाजवायचो.

माझं अपील त्यांच्याच विरुद्ध होतं. माझ्या जागी भाची बसवायला त्यांनी मला काढलं होतं. ज्याच्याशी भांडायला नागपूरला गेले, त्याच्याच हुकमानं जिन्याखाली जाऊन बसले.

माझे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. नाव पुकारलं तर थोडं थांबा म्हणायचं, एवढंच माझं काम होतं. जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. पुकारा कानावर आलाच नाही. अध्यक्ष खाली उतरले, माझ्यासमोरून गेले, गाडीत बसले. मी वर धावले.

शिपाई म्हणाला, "तुमचं तं झालं ना, बाई. तुमच्याकडून कोणीच नाई आलं म्हणून खारीज."

गैरहजर! वर्ध्याच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. तिथे पिशवी ठेवली. माणसाला उठवणाऱ्यांबद्दल किती वाचलं होतं मी. उठताना त्यातली एकही ओळ कामी आली नाही.

आता एकच वाट होती. निकाल रद्द करून अपील पुन्हा ऐका, असा अर्ज. तो फेटाळला तर नोकरी गेलीच.

वर्ध्याच्या ऑफिसात वकील म्हणाले, "बिमार होती म्हणून लिवू. सारेच लिवतात. डॉक्टरचा कागद भेटून जाते."

"मी बिमार नव्हती, साहेब. जिन्याखाली होती."

"काऊन होती, विचारतीन ना!"

"उठवलं म्हणून."

ते हसले. चांगला माणूस. "अवो ताई, तापाचा कागद चालते कोर्टात. उठवल्याचा कोणता कागद आणता? साक्षीदार आहे काय?"

होता. शाळेचा बाबू त्या दिवशी अध्यक्षांची बॅग धरून बाकाजवळच उभा होता. मी फोन लावला.

"मले नोको ओढू, ताई. लेकरं आहेत मले. अन् या नंबरवर फोन नोको करत जाऊ."

शाळेतला तो एकच माणूस अजून माझा फोन उचलायचा.

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं तर झोप चांगली लागली. सकाळी चहा पिताना कळलं, की ताप आला होता असं लिहिलं तर अध्यक्षांनी मला खाली पाठवलं आणि मी माझ्या हातानं ते पुसलं, असा हिशेब होईल.

वकिलांना सांगितलं, "जे झालं तेच लिवा. कोणी उठवलं, काय बोलून उठवलं, सारं. अन् मी उठली, तेही लिवा."

"हारान, ताई."

"लिवा."

प्रतिज्ञापत्रावर सही केली. साक्षीदाराची जागा कोरी आहे. अर्ज फेटाळायचा असेल तर फेटाळावा, पण त्याआधी न्यायाधीशांना ते 'खाली जाऊन बस' वाक्य वाचावं लागेल आणि अध्यक्षांना ते ऐकावं लागेल. मी हरले तरी या वेळी माझ्यासमोर हरेन. कोर्टाच्या दारात उभी राहून.