केळीच्या खुंटांवरून उतरलेली नाव

आमच्या अंगणात चिंचेखाली ट्रॅक्टरला जोडायच्या दोनचाकी गाड्यावर एक नाव उभी असते. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं की ती लागते. एरवी मी तिच्यात वाळलेल्या शेणी रचते. मालकांना ते आवडत नाही. पण वर्षभर नुसती जागा अडवून कोण उभं राहतं?

पूर्वी पुराला आम्ही उसाचा रस आटवायची गुळाची मोठी काहील वापरायचो. म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या काहिलीत बसवायच्या आणि पोहणाऱ्यांनी ढकलायची. काहील गोल, तिला ना पुढा ना मागा. एका पुरात ती गरगरत बांधापलीकडे गेली. माणसं वाचली, पण मालकांनी त्याची धास्ती घेतली. फौजेत पूल बांधायचं काम केलेला माणूस. पाणी ओसरल्यावर त्यांनी धरणावरच्या एका मासेमाराकडून ही जुनी नाव आणली, लाकडावर फायबर चढवलेली. तेव्हापासून पुरात ती तेच चालवतात.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालतात, बोलतात, पण उजवी मूठ वळत नाही. मुलगा विट्याच्या माणसांबरोबर सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात, लांब परमुलखात. तो फोनवर म्हणाला, नाव काढून टाका. मलाही तेच हवं होतं. नाव दारात असली की पुराला हे तिच्यात बसणार, आणि मी कुंकू पुसून बसणार. यात समजण्यासारखं अवघड काही नव्हतं.

मालक म्हणाले, "आधी तळ बघू. धड असला तर नाव ऱ्हाईल. कुजला असला तर मोडीत घाला."

गाड्यावर असताना तळ दिसत नाही, आणि गाड्याच्या लाकडांवर जिथं टेकतो तिथंच ओल धरतो. म्हणून दर उन्हाळ्यात नाव उतरवून, पालथी घालून, घासून, चीर असेल ती बुजवावी लागते. उतरवायची आमची रीत म्हणजे गाड्याच्या मागं केळीचे ताजे खुंट आडवे टाकायचे. ते बुळबुळीत, नाव ओरखडा न पडता घसरत येते. तिच्या तोंडाला दोर बांधून तो चिंचेला एक वेढा देऊन धरायचा आणि हळूहळू सोडायचा. दोर कायम मालकांच्या हातात.

धाकटे दीर आले. मी आणि सुनेनं शेणी काढल्या.

"वैनी, ही नाव हाय का जळणाची कोठी?"

"पुरात चूल तुमी पेटवून देता व्हय, भावजी?"

मालक दोर घेऊन उभे राहिले. उजव्या हाताचा नुसता टेकू. मी मागून गेले आणि दोराचं लोंबतं टोक कमरेभोवती घेतलं, त्यांना दिसणार नाही असं. दीर आणि सून दोन बाजूंनी नाव सावरत होते.

"दमानं. दमानं रं," मालक हुकूम सोडत होते. नाव अर्धी खुंटांवर आली, कलली, आणि पुढच्या फळीखालून खुडूक कोंबडी फडफडत दिरांच्या तोंडावर आली. शेणी काढल्या होत्या, पण फळीखाली कुणी वाकून बघितलंच नव्हतं. दिरांनी हात सोडला. नाव सुटली. दोर मालकांच्या मुठीतून सरकला आणि हिसका माझ्या कमरेला बसला. मी पाय रोवले. नाव थांबली.

"आयला, अंडी बी हायती आत!" दीर ओरडले. "एक बी फुटलं न्हाई!"

सून हसत सुटली. मालक हसले नाहीत. वळून न बघता म्हणाले, "मागं कोण हाय?"

"कोण असणार? चिंच हाय."

"चिंच धापा टाकतीया व्हय?"

राहिलेला दोर दोघांनी मिळून सोडला.

अंडी टोपलीत काढून नाव पालथी घातली. मालक शेजारी बसले, डाव्या हातानं तळ चाचपला, बोटांनी वाजवला. मग म्हणाले, "गेला. आतनं सडलाय. मोडीत घाला."

मला हवं ते त्यांच्याच तोंडून आलं होतं. गप्प बसायचं होतं. पण आवाज मीही ऐकला होता. जन्मभर मडकी वाजवून घेतलीत मी. जाऊन सगळा तळ वाजवला. एका जागी बद्द वाजला, बाकी खणखणीत.

"आवं, तळहाताएवढी जागा हाय. तेवढ्यानं कोण नाव मोडतंय?"

"मी सांगतोय न्हवं? मोडा."

"तळ चांगला हाय. तुमचा हात गेलाय. तर हाताचं सांगा, नावंवर कशाला ढकलताय?"

सून हसायची थांबली. मला गोड बोलता येत नाही. मालकांच्या उजव्या तळहातावर दोराचा लालभडक वळ उठला होता, आणि त्यांना तो कळलाच नव्हता. मी सुनेला हळद आणायला लावली. मी ती तेलात कालवून लावत होते, तेव्हा ते माझ्यापुरतं बोलले, "पुरात दोर असा सुटला असता, तर?"

"म्हणून आत बसायचं न्हाई. काठावर बसून शिकवायचं."

"कुणाला?"

"मला शिकवा की, मामा," सून म्हणाली. तिचं माहेर नदीकाठचं. "पव्हायला लय चांगलं येतं मला."

"बाईमाणसाचं काम हाय का..." दीर सुरू झाले.

"काहील ढकलायला मी हुते, भावजी. तुमी आत बसला हुता."

दीर कोंबडी धरायला गेले. सुनेनं पत्रा घेऊन तळ घासायला सुरुवात केली तेव्हा मालक म्हणाले, "तसं न्हाई. तिरपा धर. फायबर खरवडतीस."

बद्द वाजलेल्या जागेवर मारलेलं ठिगळ वाळल्यावर नाव परत गाड्यावर चढवायला घेतली. मालकांनी दोर सुनेला दिला. आधी तिच्या दोन्ही मुठी दोरावर नीट वळवून घेतल्या. मग मागं जाऊन दोराचं लोंबतं टोक आपल्या कमरेभोवती घेतलं, तिला दिसणार नाही असं.