कधीच न निघालेल्या पिक्चरमधलं गाणं

"चोरी आहे ही! सरळसरळ चोरी! बंद करा ते!"

काकांचा आवाज असा लागला की इंदूरबाहेरच्या राऊ गावातल्या त्या कॅफेच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट राजवाड्यावर जाऊन बसली असणार. मी माइकपुढे उभी, तोंड उघडं, मुखड्याचा शेवटचा सूर अजून हवेत. समोर कॉलेजची पोरंपोरी, हातात कोल्ड कॉफी. आणि पहिल्या रांगेत, मी स्वतः ऑटोतून मानाने आणून बसवलेले, आमच्या मल्हारगंजच्या गल्लीतले काका उभे राहून, पब्लिककडे तोंड करून, माझी इज्जत काढत होते.

"ही म्हणते, शब्द माझे, चाल माझी. साफ झूठ! जुन्या मराठी पिक्चरमधलं गाणं आहे हे. मी थेटरात बसून पाहिलाय. हिचा जन्मही झाला नव्हता तेव्हा!"

"काका, बसा ना," मी म्हटलं. माइक चालू होता, त्यामुळे माझी विनवणी निम्म्या राऊने ऐकली.

"बसतो कशाला? चाललो मी."

आणि गेले. जिना उतरताना त्यांची काठी ठोक ठोक वाजत होती, आणि खरं सांगते, माझ्या तबलेवाल्यापेक्षा लयीत वाजत होती.

हा माझ्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी गाऊन गाऊन माझा गळा म्हणजे भाड्याची खोली झाला होता. कोणीही यावं, राहावं, जावं. एकदा तरी त्या खोलीत आपलं सामान ठेवावं म्हणून हा सगळा खटाटोप. आणि ज्या एका गाण्याच्या जिवावर तो उभा होता, ज्याची लोक आपणहून फर्माईश करायचे, तेच गाणं भर सभेत माझ्या हातून काढून घेतलं गेलं.

गंमत अशी की काका म्हणत होते तो पिक्चर मीच काढला होता. कॅमेरा-बिमेरा काही नाही, नुसता तोंडाने.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळं इंदूर भिया, म्हणजे भैया, म्हणतं. सगळं इंदूर सगळ्यांनाच भिया म्हणतं, तो भाग वेगळा. कीबोर्ड तेच वाजवत, हिशेब तेच बघत, आणि गाणी निवडायचा कायदाही त्यांचाच. "ताईजी," ते मला म्हणायचे, "पब्लिक को जो गाना मालूम नहीं, वो बजते ही पब्लिक को भूख लग जाती है. सब उठके पूरी की तरफ चल देते हैं. अपना गाना घर पे गाओ."

म्हणून मी घरी गायचे. घरी म्हणजे स्वयंपाकघरात, आणि ओट्यावर टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये. हल्ली गाणी करणारी पोरं माझ्याकडे सल्ला मागायला येतात. माइक कोणता घेऊ, रील किती लांब करू, करिअर कसं होईल. करिअरचं मला विचारू नका, मी ते अजून शोधतेय. पण गाणं पहिल्यांदा सुचेल तेव्हाचं कच्चं गुणगुणणं मोबाइलवर जसंच्या तसं ठेवा, खोकल्यासकट, कुकरच्या शिट्टीसकट ठेवा, हे मी सगळ्यांना सांगते. का, ते पुढे कळेल.

तर हे गाणं असं झालं. एका दुपारी आम्ही दोघं सराफ्यात माझ्या कानातल्याच्या फिरकीचं मळसूत्र बसवायला गेलो होतो. आमचे हे चालतात म्हणजे फलाटावरून गाडी सुटल्यासारखे चालतात. राजवाड्याकडे निघालो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी तिथेच एका पायावर. हे पुढे, आणि नुसते पुढे नाही, माझ्याशी गप्पा मारत पुढे! घराला रंग कोणता लावायचा यावर ते मला विचारतायत, मी कबूल झाले असं समजून निर्णयही घेतायत. हिरवा ठरला. आमचं घर आजही त्या हिरव्या रंगात आहे, आणि गल्लीतले मिठू त्याला आपलं झाड समजून येऊन बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी आपटता आपटता राग गाण्यात उतरला:

थांब जरासा वळणावरती,
चप्पल माझी तुटली रे.

आणि पुढे अंतऱ्यात:

बोलत बोलत गेलास पुढे,
मी आहे हे समजुन रे.

इथपर्यंत गाणं आपल्या पायांनी आलं. दुसऱ्या अंतऱ्याला मात्र मी त्याला ओढत आणलं. वरणाला फोडणी द्यायची होती, डोक्यात काही येईना, तेव्हा मी चंद्र आणला. मग वारा आणला. गाण्यात विनाकारण चंद्र आला की समजावं, लिहिणाऱ्याचं सामान संपलं. पण मी म्हटलं, चालतंय, तिथपर्यंत कोण ऐकतं!

मग एका मराठी लग्नात नवरी पार्लरमधून येता येईना. भियांची सगळी गाणी संपून दुसऱ्यांदा सुरू व्हायची वेळ आली. मी माइक उचलला आणि जाहीर केलं, "आता एका विसरलेल्या मराठी पिक्चरमधलं गाणं. पिक्चर लागला आणि लगेच उतरला, म्हणून फार थोड्यांना आठवत असेल."

काय सांगू! जे गाणं माझं म्हणून कोणी पापड मोडता मोडताही ऐकलं नसतं, ते जुनं म्हणताच पुऱ्या हवेत थांबल्या. म्हातारी माणसं माना डोलवू लागली. आपल्याला जुनं गाणं माहीत नाही, हे कबूल करणारा म्हातारा अजून जन्माला यायचाय. भिया कीबोर्डवरून डोळे वटारत होते, पण बोटं बरोबर मागे येत होती. आणि गाणं संपल्यावर काका माझ्यापाशी आले.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, गल्लीत सगळ्यांचे काका. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते म्हणाले, "पाहिलाय मी हा. रविवारी सकाळच्या खेळाला. मराठी पिक्चर तेव्हा सकाळीच लावायचे इथे."

मला आतून उकळ्या फुटल्या. वाटलं, आपल्यासारखाच एक थापाड्या भेटला! मीही ठोकून दिलं, "वा काका, तुम्ही नशीबवान. प्रिंटच उरली नाही म्हणतात त्याची."

"नवीन लग्न होतं आमचं," काका म्हणाले. "मला भरभर चालायची सवय. मी पुढे, ही मागे. थेटरच्या अलीकडे हिची चप्पल तुटली. ही ओरडतेय, अहो थांबा की. मी आपला बोलत पुढे. आणि आत बसलो तर पडद्यावर ती बाई हेच गाणं म्हणतेय. ही मला कोपराने ढोसून ढोसून हसत होती."

हा थापाड्या नव्हता. मी उगाच माइकची वायर सोडवायला घेतली.

तेव्हापासून जिथे आमचा ऑर्केस्ट्रा आणि जिथे काकांना आमंत्रण, तिथे पेपर नॅपकिनवर लिहिलेली फर्माईश यायची: चप्पलवालं. काका आजूबाजूच्यांना पिक्चरची स्टोरी सांगायचे. मुखड्याला डोळे मिटायचे, पहिल्या अंतऱ्याला चष्मा पुसायचे, दुसऱ्या अंतऱ्याला उठून चहा घ्यायला जायचे. मला वाटायचं, वय झालं, बसवत नसेल. त्यांच्या तोंडून गाणं पसरलं. मी एवढी बढाया मारणारी बाई, पण माझ्या गाण्याची जाहिरात माझ्यापेक्षा त्यांनी चांगली केली.

यावर मी खूप विचार केलाय. माझं गाणं लोकांना आवडलं ते त्यांना त्यात स्वतःची चप्पल दिसली म्हणून. म्हणजे जे मला हवं होतं तेच झालं. मग त्यावर माझं नाव असावं असं इतकं का वाटावं? नाव असलं म्हणून काय ते जास्त चांगलं ऐकू येणार होतं? पण वाटतं बाई. कपाटात रजया कोंबून, त्यांच्यात डोकं खुपसून, घामाने आंघोळ करत मी त्याचं रेकॉर्डिंग केलं. बाहेर जरा खुट्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून. ते करताना मी ठरवून टाकलं, इंटरनेटवर चढवताना गीत, संगीत, गायन, तिन्ही जागी माझंच नाव लिहायचं. लिहिलंही. आणि मग राऊचा कार्यक्रम ठरला, आणि मी काकांना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांना आधी सांगायला हवं होतं, हे कळत होतं. पण गाणं ऐकून ते हसतील, म्हणतील, पोरी, मला माहीतच होतं, अशी माझ्या मनात एक फिल्म तयार होती. फिल्म काढायची मला सवयच.

पुढचं तुम्ही वर वाचलंच. एका पोराने काकांचं ओरडणं मोबाइलवर टिपलं होतं. माझं गाणं जितक्यांनी ऐकलं नव्हतं तितक्यांनी ते पाहिलं. खाली लोकांनी लिहिलं, हो, आमच्या आजोबांकडे याची तबकडी होती. एकीने लिहिलं, हिरोईन नऊवारीत होती. दोन दिवसांत माझ्या पिक्चरला व्हिलनसुद्धा मिळाला. कॅफेच्या मालकाने, दर महिन्याला बोलावतो म्हणणाऱ्याने, फोन करून सांगितलं, "मॅडम, पहले क्लियर कर लो कि गाना किसका है. फिर देखते हैं."

भिया तेवढे आनंदात. "देखा? मैंने बोला था. अपना गाना घर पे."

मी मोबाइल घेतला आणि काकांकडे गेले. दुपार होती. काका दाराशी खुर्चीत पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर वर धरला.

"काका, एक ऐका. मग वाटेल ते बोला."

"ऐकून झालंय माझं."

मी तरी लावलं. आधी नुसती भांडी. मग माझा आवाज, बेसूर, झोपेतला: "थांब जरासा... वहाण माझी..." मग थांबून, "छे, वहाण कोण म्हणतं!" पुन्हा भांडी. "पादत्राण..." स्वतःवरच हसणं. "चप्पल माझी सुटली... तुटली... तुटली रे." कुकरची शिट्टी. आणि त्या सगळ्यावर, गल्लीतून येणारी कचऱ्याची गाडी, तिच्या भोंग्यावरचं ते रोजचं गाणं वाजवत. मग माझी आरोळी, "अहो, सुका वेगळा, ओला वेगळा!" आणि बादली घेऊन धावत जाणारी पावलं.

पेपर खाली आला.

"ही गाडी," काका म्हणाले, "ही तर हल्लीच सुरू झाली."

"हो."

"आमच्या हिच्या वेळी नव्हती."

"नव्हती."

त्यांनी मला पुन्हा लावायला सांगितलं. वहाण, पादत्राण, सुटली, तुटली. भोंगा. ते असे ऐकत होते जसं कोणी डॉक्टरच्या तोंडाकडे बघतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. माझं गाणं माझं होतं, पुरावा हातात होता, कचऱ्याच्या गाडीने साक्ष दिली होती.

"म्हणजे हिने हे गाणं ऐकलंच नाही," काका म्हणाले.

आतल्या भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी तिकडे पाहिलं नाही, काकांनीही नाही. चप्पल खरी तुटली असणार. सकाळचा खेळही खरा. पडद्यावर कोणीतरी काहीतरी गातही असणार. त्यात मी माझं गाणं नेऊन ठेवलं होतं, आणि आता ते ओढून काढायला मी स्वतः मोबाइल घेऊन आले होते.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मी तेव्हा मारली, आणि तिच्यासाठी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"काका, माझं चुकत असेल," मी म्हटलं. "लहानपणी कुठेतरी ऐकलं असेल. आईने म्हटलं असेल. आणि मग मला वाटलं, मलाच सुचलं. असं होतं गाणाऱ्यांचं. पिक्चर असेलच. तुम्ही दोघांनी पाहिलाय म्हणजे असणारच. मी त्यावरचं माझं नाव काढते. सगळ्यांना सांगते, काका बरोबर होते, मी चोरलं."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. पेपर उचलून पान उलटलं.

"नाही," ते म्हणाले. "तुझंच आहे. दुसरा अंतरा कच्चा आहे."