भाज्याच्या नांगराला औंढ्याची चकती

गेल्या रविवारी मळवलीजवळ जुन्या ट्रॅक्टरांच्या नांगरटीची स्पर्धा होती... भात काढून रिकाम्या झालेल्या खाचरांत. मी गेले होते भाऊंची मेकॅनिक म्हणून. भाऊ म्हणजे माझे वडील. आमचं गाव औंढे. आमचा ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा आहे, आणि नांगर त्याच्याहूनही.

मी तळेगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आठवडाभर कंपनीची मशिनं, आणि सुट्टीला भाऊंचा नांगर. घरचे हसतात... हसू देत.

ज्यांनी असा नांगर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फाळाच्या पुढे एक गोल लोखंडी चकती असते, उभ्या दांडीला लावलेली. ती पुढे फिरत माती आणि भाताची धसकटं कापत जाते, मग मागून फाळ येऊन माती पलटतो. चकती नीट लागली तर सरीचा काठ सरळ निघतो. बोटभर जरी चुकली तरी काठ ढासळतो, पेंढा अडकतो, नांगर तुंबतो.

भाऊंची सरी त्या दिवशी सुंदर निघाली. बांधावरची माणसं माना डोलवत होती. दरवर्षी ते भाग घेतात आणि दरवर्षी कुणीतरी त्यांच्या पुढे जातं... यंदा मात्र नंबर आपलाच, असं मला मनातून वाटायला लागलं होतं.

मग भाजे गावच्या मालनमावशी उतरल्या. साठी ओलांडलेली बाई, नऊवारीवर नवऱ्याचा जुना स्वेटर. नवरा गेल्यापासून ट्रॅक्टर त्याच चालवतात. स्पर्धेत स्टिअरिंगवर बसलेली ती एकटीच बाई. सुरुवात अशी केली की भाऊ गप्पा सोडून उभे राहिले.

अर्ध्या वाटेत नांगर तुंबला. चकतीचं बेअरिंग जाम झालेलं. चकती फिरेना आणि फाळापुढे पेंढ्याचा ढीग साचलेला. परीक्षक म्हणाले, अजून दोघांची नांगरट व्हायची आहे, तोवर दुरुस्त झालं तर नांगरायला जमिनीचा नवा पट्टा देऊ.

"आता हितं कुटं मिळायचं बेअरिंग," मावशी म्हणाल्या आणि खाली उतरून बांधावर बसल्या. कुणाकडे काही मागितलं नाही त्यांनी.

मी भाऊंकडे पाहिलं. मला काय म्हणायचंय ते त्यांना बरोबर कळलं.

"आपल्या चकतीची दांडी बारीक हाय. तिच्या नांगराला बसायची न्हाई," ते म्हणाले.

"बसवते मी."

भाऊंनी आपल्या सरीकडे एकदा नजर टाकली... मग मावशींकडे. मग ट्रॅक्टरच्या सीटखालून पान्यांची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "मंग बघतीस काय? सोड बोल्ट."

आमच्या नांगराची चकती दांडीसकट काढली. भाऊंचं म्हणणं खरं होतं, मावशींच्या नांगराच्या पकडीत ती खुळखुळत होती. ऑइलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली, दांडीभोवती गुंडाळली आणि बोल्ट आवळले... हलवून पाहिलं, घट्ट बसली होती.

पण बसणं वेगळं आणि लागणं वेगळं. कडेच्या तुकड्यात चालवून पाहिलं तर काठ फाटल्यासारखा. चकती फाळाच्या टोकाच्या अगदी रेषेत चालली होती. ती बोटभर बाजूला घेतली, न नांगरलेल्या जमिनीकडे. आता काठ सुधारला, पण नांगर जड ओढत होता.

"लय खोल जातीया. जरा वर घे बाई," मावशी सीटवरून म्हणाल्या. त्यांना ते नुसत्या इंजिनच्या आवाजावरून कळलं होतं. मी दांडी वर सरकवली. पुन्हा चालवून पाहिलं... आणि मावशी पहिल्यांदा हसल्या.

तोवर त्या दोघांची नांगरट उरकली होती. मावशींनी नव्या पट्ट्यात नांगर टाकला. मी बांधावरून बरोबरीने चालत होते. सुरीने खरवस कापावा तशी माती कापली जात होती. पुढून चकती, मागून फाळ, आणि पलटलेली काळी माती एका ओळीत... शेवटपर्यंत कुठेही न थांबता.

पहिला नंबर मालनमावशींचा. भाऊंचा दुसरा.

मावशींच्या हातात माइक दिला तर त्या एवढंच म्हणाल्या, "चकती औंढ्याची हाय. ज्यांनी दिली त्यांनी हितं पुढं यावं." मी भाऊंना शोधायला लागले. वाटलं, वाईट वाटून कुठेतरी बाजूला जाऊन बसले असतील...

ते मावशींच्या सरीत उभे होते. वाकून काठावर तळहात फिरवत होते, आमच्या सरीवर फिरवतात तसाच. बाजूने कुणी गेलं की त्याला थांबवायचे आणि सांगायचे, "काठ बघा कसा आलाय. आमच्या पोरीनं लावलीया चकती." ओळखीचा असो नसो, प्रत्येकाला तेच.

मी जरा लांबच थांबले. कारखान्यात मला कौतुकाची सर्टिफिकेटं मिळाली आहेत... पण वडिलांना असं अनोळखी माणसांपुढे माझ्याबद्दल बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डोळे भरून आले. धूळ होती म्हणा हवं तर.

मालनमावशी, तुमची भाची तुम्हाला हे वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहिते. तुमची जाम झालेली चकती मी घेऊन आले होते, तिला नवं बेअरिंग बसवलंय, आता बोटाने ढकलली तरी फिरते. भाऊ म्हणतात, आपली चकती सध्या तिकडेच राहू दे, चांगल्या हातात आहे.